46 गुंठे म्हणजे नक्की किती? दापोली तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या खरेदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातले एक जोडपे, दोघेही पंचेचाळिशीच्या आसपास. दहा-बारा वर्षांत कोकणात कायमचे राहायला जायचे, तोवर सुट्ट्यांत येऊन-जाऊन घर उभे करायचे, असा बेत. दापोली तालुक्यात समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत त्यांनी एक घर पाहिले. जांभ्याच्या चिऱ्यांचे, कौलारू, ओटी-माजघर-पडवी अशा जुन्या धाटणीचे, साधारण 1,800 चौरस फुटांचे. घरमालकांच्या सांगण्याप्रमाणे नव्वदएक वर्षांचे. भोवती हापूसची कलमे, खालच्या अंगाला विहीर आणि पोफळी, सगळ्याला वेढून घेणारा चिऱ्यांचा गडगा. एजंट म्हणाला, "46 गुंठे, गुंठ्याला दोन लाख, घर फुकट." म्हणजे 92 लाख.

मी बांधकामाच्या बाजूने जुन्या घरांची पाहणी करतो आणि खरेदीदाराला किंमत काढून देतो. कागद वकील बघतात, जागा मी बघतो; पण दोघांनी एकमेकांचे बघितले नाही तर दोघांचेही काम अर्धे राहते. इथे ते फार ठळकपणे दिसले. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत.

अडचण कुठून सुरू झाली

माझ्याकडे प्रकरण आले तेव्हा खरेदीदार पाच लाखांचा विसार द्यायच्या बेतात होते. फेब्रुवारी महिना होता. फेब्रुवारीत कोकणातले कुठलेही घर चांगलेच दिसते. मोहोर आलेला, भिंती सुकलेल्या, विहिरीला पाणी.

पहिला निर्णय विसाराचा. मी आणि वकील दोघांनी सांगितले की पाच लाख देऊ नका. हातातून जाईल असे वाटत असेल तर 51 हजारांचा चेक द्या आणि विसार पावतीत लिहून घ्या : मोजणी, सर्व वारसांच्या सह्या आणि गाडीरस्ता या तीन गोष्टी पूर्ण झाल्या नाहीत तर रक्कम परत. विकणारे काका (चौऱ्याहत्तर वर्षांचे, तीन भावांतले थोरले) थोडे नाराज झाले, पण त्यांनी सही केली. पुढे जे निघाले ते पाहता हा एक कागद सगळ्यात स्वस्तात पडला.

कागद काय सांगत होते

एजंटचे 46 गुंठे हे गडग्याच्या आतले, पायांनी मोजलेले क्षेत्र होते. कागदावर ती एक जागा नव्हतीच. तिचे तीन तुकडे होते आणि तिघांची जात वेगवेगळी.

पहिला तुकडा गावठाणातला, साधारण पाच गुंठे. त्याच्यावरच घर. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. सुदैवाने या गावात स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणी होऊन सनद मिळालेली होती. मात्र ती एकट्या काकांच्या नावावर, कारण मोजणीच्या वेळी तेच घरात राहत होते. विकणाऱ्यांनी मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला तो ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा. तो घरपट्टीसाठी असतो. घरपट्टी कोण भरतो एवढेच त्यावरून कळते, मालक कोण ते नाही.

दुसरा तुकडा सातबाऱ्यावर 24 गुंठे, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विक्रीला सरकारी बंधन नसलेली), कलमांची बाग. शेतजमीन असल्यामुळे ती शेतकरी असलेल्यालाच घेता येते. 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आडवे येते. नवरा मूळ पुण्याचा, त्याच्या नावावर कुठे जमीन नाही. बायकोचे नाव साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेले होते. तेव्हा हा तुकडा तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचा हे तिथेच ठरले. तोवर दोघांच्या डोक्यात "आपल्या दोघांच्या नावावर" असेच होते आणि यावरून घरात थोडी धुसफूसही झाली, असे नंतर कळले.

तिसरा तुकडा 13 गुंठे, विहीर आणि पोफळीचा. याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात "कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र" अशी नोंद. काकांच्या वडिलांनी ही जमीन कूळ म्हणून कसली आणि कायद्याने विकत घेतली होती. ही नोंद बघून खरेदीदार घाबरले. खरे तर 2014 च्या दुरुस्तीनंतर, 32म चे (कुळाने जमीन विकत घेतल्याचे) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, 40 पट रक्कम भरून विक्रीचा रस्ता मोकळा होतो. कोकणात आकार रुपयांत असतो, त्यामुळे ही रक्कम किरकोळ. प्रमाणपत्र सत्तरच्या दशकातले असायला हवे होते. फक्त ते कोणाला सापडत नव्हते.

खरा खड्डा दुसरीकडेच होता. वडील 1987 मध्ये वारले. त्या वेळच्या फेरफारात तीन मुलांची नावे लागली आणि दोन मुलींबद्दल "हक्क नको असल्याचा जबाब दिला" असे एक वाक्य. तलाठ्यासमोर दिलेला जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. म्हणजे तिन्ही तुकड्यांत दोन्ही बहिणींचा हिस्सा जिवंत होता. एक बहीण डोंबिवलीला, दुसरी वारलेली, तिची तीन मुले तीन गावांत. काकांचा धाकटा भाऊही वारलेला, त्याची बायको आणि मुलगा वेगळे. एजंटच्या तोंडी "तीन भाऊ, तिघेही तयार" होते. प्रत्यक्षात सह्या आठ लागणार होत्या.

मोजणी

दुसरा मोठा निर्णय. भूमि अभिलेखकडे मोजणीचा अर्ज मालकानेच करायचा असतो आणि काका तयार होईनात. "गडगा आमच्या आज्यापासून तिथं आहे, मोजायचं काय त्यात?" कोकणात विकणारा मोजणीला का कां-कूं करतो हे समजून घेतले पाहिजे. त्यात लबाडी असतेच असे नाही. मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना जाते, आणि चाळीस वर्षे झोपलेली भावकी जागी होते.

इथे दोन मार्ग होते. गडगा हीच हद्द धरून क्षेत्राचा धोका स्वीकारायचा आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. किंवा मोजणी होईपर्यंत थांबायचे. पहिल्या मार्गाने दोन-तीन महिने वाचले असते. मी दुसऱ्याचा आग्रह धरला, कारण भाव पाडून घेतला तरी हद्दीचा वाद खरेदीदाराच्याच गळ्यात राहणार होता. तोही गावात नवा, भाषा ऐकताच पुण्याचा म्हणून ओळखला जाणारा माणूस. मोजणीची फी खरेदीदारांनी भरली, अर्ज काकांनी केला.

'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली तेव्हा पूर्वेकडचे साधारण चार गुंठे गडग्याच्या आत असूनही चुलत घराण्याच्या हिश्शातले निघाले. 46 चे 42 झाले. त्या चार गुंठ्यांत बागेतली सगळ्यात जोमदार कलमे होती. पूर्वी केव्हातरी गुरे आत येऊ नयेत म्हणून दोन्ही घरांनी मिळून सरळ रेषेत गडगा घातलेला, एवढी आठवण गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला होती.

त्याच नकाशात रस्त्याचेही उघडे पडले. गावनकाशावरची पाणंद घरापासून साठेक मीटर अलीकडेच संपते. पुढची गाडीवाट याच चुलत घराण्याच्या जमिनीतून जाते, आणि ती कुठल्याही कागदावर नाही. त्या घरातल्या कर्त्या माणसाने स्पष्टच सांगितले : "जायला-यायला आम्ही कोणाला कधी आडवलं नाय, पण सही करणार नाय." बोलण्यात राग नव्हता. आपला हुकमाचा पत्ता कोणता हे त्याला चांगले ठाऊक होते.

घर

कागद फिरत असताना मी घराकडे वळलो. जुने जांभ्याचे घर पाहताना मी जोत्यापासून सुरुवात करतो, कारण जोते चांगले असेल तर बाकीचे पैशांचे प्रश्न उरतात. इथे जोते अडीच फूट उंच, कुठे खचलेले नाही. ही सगळ्यात चांगली बातमी.

भिंती मातीत रचलेल्या चिऱ्यांच्या, आतून चुन्याचा गिलावा. नव्वदच्या दशकात कोणीतरी बाहेरून तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा मारलेला. हेतू चांगला होता, पावसाची झड लागू नये. पण जांभा पाणी पितो आणि ते बाहेरही टाकतो. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली की ओल आत सरकते. त्या तीन फुटांच्या पट्ट्यामागे काही चिरे हाताने भुगा होतील इतके भुसभुशीत झाले होते. खरेदीदारांना आवडलेला स्वच्छ पांढरा पट्टा हाच घरातला सगळ्यात आजारी भाग होता. सिमेंट काढायचे, खराब चिरे एकेक करून बदलायचे आणि वर पुन्हा चुनाच लावायचा, एवढाच त्यावर इलाज आहे. वर आणखी एखादा वॉटरप्रूफ रंग मारला तर दुखणे वाढते.

मागच्या कोपऱ्यात ओळंबा सोडला तर दहा फुटांत दीड इंच झुकाव, आणि माळ्याच्या पातळीपासून खाली येणारी एक चीर. भिंत अजून सरकते आहे की जुन्या काळी सरकून थांबली आहे, हे एका भेटीत कोणालाच सांगता येत नाही. चिरेवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवून तारीख टाकली आणि पावसाळा जाऊ दिला. भिंत हलली तर काच तडकते. कारण मात्र आधीच दिसत होते. मागच्या दोन उतारांचे पाणी एकाच पन्हळीतून नेमके त्या कोपऱ्याच्या पायाशी कोसळत होते. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी नव्वद वर्षे एका जागी पडू दिले तर दीड इंच कमीच म्हणायचा.

छपराचे दोन भाग वेगवेगळे बघावे लागले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पुढचे छप्पर उडाले होते, बागेतली सात कलमे आणि निम्मी पोफळ गेली होती. पुढच्या अंगाला नंतर घाईत मिळेल ते लाकूड वापरलेले, त्याला वाळवीने गाठलेले, आणि पडवीवर सिमेंटचे पत्रे. मागच्या अंगाचे ऐनाचे जुने वासे मात्र ठोकले तर खणखणीत वाजत होते. फक्त त्यांची भिंतीत गेलेली टोके स्क्रूड्रायव्हर सहज आत जाईल इतकी कुजलेली. म्हणजे नवे दिसणारे छप्पर पूर्ण बदलायचे आणि जुने दिसणारे फक्त टोकांशी दुरुस्त करायचे. खरेदीदारांचा समज बरोबर उलटा होता, आणि त्यात नवल नाही. घर विकायला काढताना पुढचीच बाजू रंगवतात.

विहीर मे महिन्याच्या अखेरीस पाहिली. चार फूट पाणी होते, ते ठीक. पण संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम तीस फुटांवर, आणि चढाच्या बाजूला. पाण्याच्या तपासणीत जे निघायचे तेच निघाले, पिण्यायोग्य नाही. सेप्टिक टाकी हलवणे खर्चात धरले.

किंमत कशी काढली

"गुंठ्याला दोन लाख" हा सरसकट भाव मी बाजूला ठेवला. गावठाणातली जागा, बाग, कातळ आणि बंधनातली जमीन यांना एकच भाव लावण्यात अर्थ नाही. आसपासच्या नोंदलेल्या व्यवहारांवरून तुकड्यांचे भाव वेगळे धरले : गावठाणातले पाच गुंठे चार लाखांनी, 20 लाख, बागेतले कलमांखालचे 16 गुंठे पावणेदोन लाखांनी, 28 लाख, उरलेला आठ गुंठे उघडा कातळ पाऊण लाखाने, 6 लाख, विहिरीचे 13 गुंठे बंधन असल्यामुळे एक लाखाने, 13 लाख.

घर "फुकट" नव्हते, आणि एजंट म्हणतो त्या अर्थाने तर अजिबात नव्हते. तेवढेच घर आज नव्याने साधेपणाने बांधायचे तर 36 लाख, आणि हे राहण्याजोगे करायला माझ्या अंदाजाने 21 लाख. फरक 15 चा, त्यातून जुन्या घरात हमखास निघणाऱ्या अनपेक्षित खर्चासाठी पाच सोडले. घराचे 10 लाख. सगळे मिळून 77 लाख, आणि रस्ता कागदावर येईपर्यंत त्यातून चार लाख वजा. म्हणजे 73.

समोर असलेले पर्याय

सोडून देणे हा पहिला. नवऱ्याचे मत जूनपर्यंत तेच होते आणि ते चूक नव्हते. घर पाडून नवे बांधणे हा दुसरा. पण नव्या बांधकामाला आजच्या नियमांप्रमाणे अंतरे सोडावी लागतात, आणि पाच गुंठ्यांच्या त्या वेड्यावाकड्या तुकड्यात घराची आजची जागा मिळाली नसती. सगळे बंधनमुक्त होईपर्यंत थांबून एकदम घेणे हा तिसरा. यात आठपैकी एकाचे जरी मन बदलले असते तर वर्ष पाण्यात.

चौथा पर्याय वकिलांनी सुचवला : घर आणि बाग आधी घ्या, विहिरीचा तुकडा नंतर. यातली अडचण उघड आहे. विहिरीशिवाय घर घ्यायचे कसे? जांभ्याच्या सड्यावर बोअरला पाणी लागेलच असे नाही. यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. खरेदीदार बाईंनी एक प्रश्न विचारला, तो मला नेमका वाटला : विहिरीचा तुकडा कधीच मिळाला नाही, तर आपण हे घर या किमतीला घेऊ का? दोघांचे उत्तर पाण्याचा हक्क लेखी मिळाला तर हो असे आले. त्यावर निर्णय झाला.

काय केले

आधी वारस. काकांनी फोनवर बहिणीकडे सही मागितली तेव्हा ती "बघू" म्हणाली होती. मग काका आणि मधले भाऊ दोघे डोंबिवलीला गेले. या बहिणीचे, म्हणजे आत्याबाईंचे, म्हणणे एवढेच होते की 1987 मध्ये त्या जबाबावर अंगठा कोणी घेतला हे त्यांना आजही आठवत नाही, आणि नंतर घर विकायला काढले तेही त्यांना दुसऱ्यांकडून कळले. त्यांनी हक्क सोडला नाही. हिश्शाचे पैसे घेऊन खरेदीखतावर विकणारी म्हणून सही करायचे ठरवले. वकिलांच्या मते हेच जास्त चांगले होते. वारलेल्या बहिणीच्या मुलांनीही तोच मार्ग धरला.

मग रस्ता. इथे मोजणीत निघालेले चार गुंठे उपयोगी पडले. भांडत बसण्याऐवजी काकांच्या कुटुंबाने त्या चार गुंठ्यांवरचा दावा लेखी सोडला, गडगा मागे घेऊन द्यायचे मान्य केले, आणि त्या बदल्यात चुलत घराण्याने दहा फूट रुंद गाडीवाटेचा कायमचा वहिवाट हक्क नोंदणीकृत दस्ताने दिला. गडगा हलवण्याचा खर्च विकणाऱ्यांकडे. कलमे गेली याचे बाईंना वाईट वाटले, पण रस्त्याशिवाय त्या कलमांचे आंबे डोक्यावरून न्यावे लागले असते.

पैशांची बाजू अपेक्षेपेक्षा अवघड गेली. शेतजमिनीवर गृहकर्ज मिळत नाही, हे त्यांनी धरलेच नव्हते. शेवटी पुण्यातल्या फ्लॅटवर तारण कर्ज काढले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, कोणाची हरकत आली नाही.

निकाल

काचेच्या पट्ट्या सप्टेंबरात शाबूत होत्या. घर आणि बाग मिळून 61 लाखांना खरेदीखत झाले : बाग बाईंच्या नावावर, घर दोघांच्या. विहिरीच्या तुकड्याबद्दल 12 लाखांचा भाव लेखी ठरला आहे. तोपर्यंत पाणी घेण्याची परवानगी वेगळ्या करारात आहे, आणि ती जमिनीचे हस्तांतर ठरणार नाही अशा शब्दांत वकिलांनी ती बसवली.

दुरुस्तीत माझा 21 लाखांचा अंदाज 24 पर्यंत गेला. फरक बहुतेक सगळा चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांच्या मजुरीचा. ती माणसे आता फार थोडी उरली आहेत आणि त्यांची वाट बघावी लागते. मागची पन्हळ वळवून पाणी कोपऱ्यापासून वीस फूट लांब सोडले. हे काम सगळ्यात आधी केले आणि त्याला सगळ्यात कमी खर्च आला.

वेगळे काय करता आले असते

मोजणीचा अर्ज विसार पावतीच्याच दिवशी व्हायला हवा होता. तो एप्रिलमध्ये गेला, पावसाळ्यामुळे मोजणी लांबली आणि सगळेच मागे पडले.

आत्याबाईंकडे पहिल्याच आठवड्यात, फोन न करता माणूस जायला हवा होता. 1987 चा फेरफार आमच्या हातात मार्चमध्ये होता. विकणाऱ्यांवर सोडल्यामुळे ते काम जुलैपर्यंत रेंगाळले. खरेदीदाराने विकणाऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडू नये असा संकेत आहे. पण सह्या ज्यांच्या लागणार, त्यांच्याशी आपल्या वकिलाचे एकदा बोलणे व्हावे असा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

कर्जाची चौकशी घर पसंत पडायच्या आधी करावी, जमिनीचा प्रकार कळल्यावर नव्हे.

चौथ्या पर्यायाबद्दल मात्र माझे आणि वकिलांचे अजून एकमत नाही. 32म ची प्रमाणित प्रत तहसीलमधून मिळाली, 40 पट आकारही भरला गेला. पण प्रमाणपत्रावर क्षेत्र 11 गुंठे निघाले आणि सातबाऱ्यावर 13. आता लेखनचूक दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज आहे. माझ्या मते विहिरीसाठी भाव थोडा जास्त मोजून तो तुकडा एकत्रच घ्यायला थांबायला हवे होते. वकील म्हणतात थांबलो असतो तर आठ सह्या पुन्हा एका टेबलावर आल्या नसत्या. काकांची तब्येत पाहता वकिलांचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. त्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.